भांडणाचा उपवास

राखेच्या बुधवारी चर्चमधून घरी येताना, कपाळावरची राख पुसायच्या आधीच, आमच्या ह्यांनी जाहीर केलं की यंदा उपवासकाळात ते भांडण सोडणार.

गेल्या वर्षी मटण सोडलं होतं, त्याच्या आधी चहा. सगळेच काहीतरी सोडतात आणि ईस्टरला परत धरतात. पण भांडण? अहो, भांडण काय एकट्याचं असतं? मला न विचारता माझ्या वाटचंसुद्धा सोडून मोकळे झाले.

हे, म्हणजे काशिराम, जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. जन्मभर ट्रेलरच्या वर आवाज चढवून बोलले आणि निवृत्तीनंतर तोच आवाज पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत लावला. मीही काही मुकी नाही. आमचं छान चाललं होतं. आता आमटीत मीठ जास्त पडलं, तरी "बरं". ह्यांनी न वाचलेला पेपर मी मुद्दाम रद्दीत टाकला, तरी "बरं". शुक्रवारी उरणहून मासे घेऊन येणारी कृष्णाबाई तर घाबरलीच.

"मालक आज भावावरून काय बोललं नाय ते? बरा नाय काय त्यांना?"

"उपवास आहे," मी म्हटलं.

"मंग मावरा कशाला घेता?"

"भांडणाचा उपवास आहे."

"आगं बाय," ती म्हणाली आणि एक बोंबील जास्त टाकून गेली. आजारी माणसाच्या घरी टाकतात तसा.

हेही मी गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात इंद्रजीतचा फोन आला. इंद्रजीत आमचा एकुलता एक, बायकोमुलीसह पुण्यात असतो. पनवेलचं घर विका आणि आमच्याकडे कायमचे या, हे त्याचं जुनंच तुणतुणं. दर वेळी मी गोड आवाजात सांगायची, "मला काय रे, मी कुठेही राहीन. बाबांना विचार." मग बाबा फोनवर असे कडाडायचे, की पुढे कित्येक महिने तो विषय नाही. मुलगा त्यांच्यावर चिडायचा आणि मला विचारायचा, आई, तू कसं सहन करतेस गं? सगळं व्यवस्थित होतं.

या वेळी बाबा म्हणाले, "बरं."

मला हे घर सोडायचं नाही. इथल्या चर्चमध्ये सकाळची मराठी मिस्सा, म्हणजे उपासना, असते आणि तिथलं बायबलवाचन माझ्याकडे आहे. भाजीवालीपासून फादरपर्यंत सगळे मला आशालताबाई म्हणून हाक मारतात. पुण्यात चौदाव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू, लिफ्टशी? पण हे मुलाला तोंडावर सांगायचं म्हणजे वाईटपणा घ्यायचा. त्या कामाला घरात हक्काचा माणूस होता, तो नेमका उपवासाला बसला.

पुढच्या आठवड्यात शनिवारी इंद्रजीत येऊन थडकला. रविवारी मिस्सानंतर एजंट घराचे फोटो काढायला येणार, हेही परस्पर ठरवून आला. मी तडक चर्च गाठलं आणि फादरना विचारलं, "रविवार उपवासात धरतात का हो?"

"नाही. रविवार पुनरुत्थानाचा दिवस. पण तुम्ही काय सोडलंय?"

"मी काही सोडलं नाही, फादर. मला सोडायला लावलंय."

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "अहो, उद्या भांडता येतं. फादर म्हणाले."

"बरं," हे म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

तो उपवासकाळातला दुसरा रविवार होता. पहिलं वाचन अब्राहामाचं. देव त्याला सांगतो, देश सोड, गोतावळा सोड, बापाचं घर सोड, मी दाखवीन तिकडे चालू लाग. तो निघतो. वय पंच्याहत्तर, पण एका शब्दाने हुज्जत नाही. समोरच्या बाकावर इंद्रजीत मान डोलावत होता. अब्राहामाला बायको होती. तिला कुणी विचारलं का, ते वाचनात नाही. "हा प्रभूचा शब्द," मी म्हटलं, ते जरा ठसक्यातच निघालं.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनाही मीच वाचणार होते. पोपसाहेबांसाठी झाली, राज्यकर्त्यांसाठी झाली, आजाऱ्यांसाठी झाली. कागद संपला. मी संपले नव्हते.

"ज्या नवऱ्यांनी या दिवसांत भांडण सोडलं आहे, त्यांना निदान रविवारी तरी वाचा फुटावी आणि त्यांच्या बायकांची राहती घरं वाचावीत, म्हणून आपण प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळं चर्च एका सुरात म्हणालं. लोकांना सवय असते. फादर काही वेळ वेदीवरच्या कापडाकडे बघत राहिले. ह्यांचेही ओठ हलले, मी पाहिलं.

घरी पोचून दार लावल्यावर इंद्रजीत तापला. "आई, चर्चमध्ये काय होतं ते? बाबांना घर विकायचं नसेल तर त्यांनी तसं सांगावं. आता 'बरं' म्हणतात आणि पुढे तुला उभं करतात!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीत, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. तेवढ्यात एजंटचा फोन आला, उरण नाक्यावर पोचलोय म्हणून. मी अजून एकदा ह्यांच्याकडे बघितलं. ढिम्म.

"मला यायचं नाही," मी म्हटलं. "बाबांना नाही, मला. मला कधीच यायचं नव्हतं. मला तिथे करमत नाही रे, जीव गुदमरतो माझा."

इंद्रजीत माझ्याकडून नजर काढून बापाकडे वळला. त्यांच्याशी तो सरळ कधी बोलला होता, मला आठवेना.

"बाबा, आणि तुम्हाला?"



"मला आवडलं असतं," हे म्हणाले. "समृद्धीला शाळेत सोडायला गेलो असतो."

समृद्धी म्हणजे आमची नात.

"मग इतकी वर्षं नाही नाही म्हणून का ओरडत होता?" मी किंचाळलेच.

"तुला नको होतं ना," हे म्हणाले.

इंद्रजीतने एजंटला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग खुर्ची ओढून तो बापाजवळ बसला आणि विचारायला लागला, पुण्यात आणखी काय काय करायचं होतं बाबा? हे एकेक सांगायला लागले. मी चहाचं आधण ठेवलं आणि दारात उभी राहून ऐकत राहिले, कारण मलाही ते माहीत नव्हतं.