झाकण मिटलं म्हणजे झोपलो असं नाही

मी लॅपटॉप बोलतोय. हो, मीच. विमानतळावर ज्याला तुम्ही बॅगेतून उपसून काढता, ट्रेमध्ये आडवा टाकता आणि पट्ट्यावरून पलीकडे आला की त्याला सोडून आधी स्वतःच्या बुटांकडे धावता, तोच तो. आज जरा सवड मिळाली आहे, तेव्हा मनातलं बोलून घेतो. एरवी मला बोलायला सांगतं कोण? सगळे नुसते बडवतात.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. एका मोठ्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या माणसांच्या लांबलचक रांगेत माझे अवयव जुळले. कुणी बॅटरी बसवली, कुणी पडदा, कुणी नुसतेच स्क्रू पिळले. शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला चालू करून पाहिलं. मी छान उजळलो. तिने मान हलवली आणि पुढच्याला हातात घेतलं. या जगात आपलं कौतुक फारसं होणार नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

मग दुकानातल्या काउंटरवर काही दिवस काढले. येणारा जाणारा माझ्यावर स्वतःचं नाव टाइप करायचा, ते डोळे भरून बघायचा आणि काही न घेता निघून जायचा. अशात एक दिवस माझी मालकीण आली. तिने नाव वगैरे टाइप केलं नाही. मला उचलून वजन पाहिलं, कानाशी धरून पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "अंधारात बसून काम करायचंय, आवाज करून चालणार नाही." मला वाटलं, चला, जाणकार घर मिळालं.

जाणकार कसली! पण ते पुढे सांगतो.

मालकीण नाटकांची प्रकाशयोजना करते. रंगमंचावर कुठला दिवा कधी लागणार, किती मंद राहणार, कधी विझणार, हे सगळं ती ठरवते. अशा प्रत्येक बदलाला ते लोक क्यू म्हणतात. सगळे क्यू माझ्या पोटात. प्रयोगाच्या वेळी मला थिएटरच्या दिव्यांच्या बोर्डाला वायरीने जोडायचं, मालकिणीने एक कळ दाबायची, आणि पुढचा बदल आपोआप व्हायचा.

इतकी वर्षं ती एका नावाजलेल्या सरांच्या हाताखाली होती. दिवे हिने लावायचे, नाव सरांचं. सरांच्या हाताखाली शिकलेल्यांची एक खोड आहे. रंगीत तालीम झाली की प्रयोगाचा पडदा पडेपर्यंत मशीन बंद करायचं नाही. सरांचं कुठलंसं जुनं मशीन म्हणे ऐन प्रयोगाच्या संध्याकाळी उघडलंच नव्हतं. ती गोष्ट सरांनी सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवली की तिचा नियमच होऊन बसला. आणि मालकिणीच्या मागे एक नाटक संपायच्या आत दुसरं लागलेलं असायचं. म्हणजे मला सुट्टी कधी? कधीच नाही.

बरं, झाकण मिटल्यावर तरी डोळा लागावा, तर तेही नाही. एका तालमीत कुणीतरी माझं झाकण पाडलं आणि अख्ख्या रंगमंचावर अंधार झाला. तेव्हापासून झाकण मिटलं तरी जागंच राहायचं, अशी तिने माझ्या सेटिंगमध्ये सोय करून ठेवली. मी कोपऱ्यात चिठ्ठ्या दाखवून थकलो. बाई गं, माझ्यात काही सुधारणा करायच्या राहिल्यात, एकदा बंद करून चालू कर. ती न वाचताच 'नंतर' वर बोट दाबायची. महिनोन्महिने नंतर, नंतर, नंतर.

त्यात मालकिणीच्या आईची माया. आई शिवणकाम करते, इस्त्रीच्या टेबलांवर घालायची जाड कव्हरं शिवून देते. त्यातलंच उरलेलं चंदेरी कापड लावून, आत कापूस भरून तिने माझ्यासाठी कव्हर शिवलं. "बाहेरची आच आत जायची नाही बघ," असं कौतुकाने सांगितलं. आतली आच बाहेर कशी जाणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

तर आता त्या दिवसाकडे येतो.

मालकिणीला पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर नाटक मिळालं होतं. जाहिरातीत तिचं नाव होतं. पहिला प्रयोग दुसऱ्या शहरात, त्याच संध्याकाळी. नेपथ्य ट्रकने आधीच गेलेलं. ती आणि दिग्दर्शक तेवढे सकाळच्या विमानाने निघाले. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणतात. सर स्वतः पहिल्या रांगेत बसणार होते. आज काही चुकलं तर 'हिला एकटीला झेपत नाही' एवढं बोलायला लोकांना पुरे होतं. मालकीण सकाळपासून बॅगेतल्या वायरी पुन्हा पुन्हा मोजत होती. धास्ती मलाही होती, पण मला कोण विचारतो?

विमानतळावर मालकीण मला ट्रेमध्ये काढायला विसरली, आमची बॅग तशीच पट्ट्यावरून आत गेली आणि पट्टा थांबला. मालकिणीच्या बॅगेत वायरींचं असं काही जंजाळ असतं की मलाच तिथे राहायची भीती वाटते. सुरक्षेवरच्या माणसाने बॅग बाजूला घेतली.

"हे काय आहे सगळं?"

"वायरी आहेत. मी नाटकाचे लाइट्स करते."

त्याने मला कव्हरमधून बाहेर काढलं आणि हात झटकला. "हा एवढा का तापलाय?"

"चालू आहे ना, म्हणून."

"मग बंद करा."

"बंद नाही करता येत. म्हणजे येतं, पण आमच्यात करत नाहीत."

"तुमच्यात म्हणजे कुणात?"

"नाटकवाल्यांत."

त्या बिचाऱ्याने बॅगेतली एक वायर उचलून परत ठेवली. मागे दादा एका हातात बूट आणि एका हातात कमरेचा पट्टा घेऊन उभा होता, विजार सावरत. तो म्हणाला, "साहेब, सोडा हो तिला. खरंच नाटकवाली आहे." त्या माणसाने मला पुन्हा एकदा बोट लावून पाहिलं. "विमानात तरी बंद करा मॅडम. चांगलं नाही हे."

"हो हो," मालकीण म्हणाली. तिचं ते 'हो हो' मी चांगलं ओळखतो. त्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं मला.

दाराशी बसून विमानाची वाट बघताना आईचा फोन आला. "कव्हर घातलंस ना गं त्याला?" मालकीण म्हणाली, "घातलंय गं आई." मी कपाळावर हात मारला असता, पण हात नाहीत.

विमानात चढलो तर वरचे कप्पे सगळे भरलेले. हवाई सुंदरीने बॅग खाली सामानात द्यायला सांगितली. "लॅपटॉप तेवढा काढून घ्या, बॅटरीची वस्तू खाली चालत नाही." झालं. मी मालकिणीच्या मांडीवर आलो.

विमान वर गेलं तसं तिने मला उघडलं. नाटकाच्या शेवटी एक बाई रिकाम्या घरात एकटीच बसलेली असते आणि बाहेर उजाडतं, असा प्रसंग आहे. ते उजाडणं इतक्या सावकाश व्हायला हवं की कधी उजाडलं ते बघणाऱ्याला कळता कामा नये. तेवढ्या एका क्यूवर तिने माझ्याशी किती दिवस डोकं लावलं होतं, ते मलाच ठाऊक. आता पुन्हा तेच. जरा लांबवायचं, जरा आखडायचं, परत लांबवायचं.

"मिटव गं ते आता," दादा म्हणाला. "किती वेळा बघशील?"

"एकदाच. सर नेमकं तेच बघणार."

"सर नाटक बघायला येतायत की तुझी परीक्षा घ्यायला?"

"दोन्ही."

तेवढ्यात पुढच्या गृहस्थांनी आपली पाठ धाडकन मागे टाकली. माझं झाकण त्यांच्या सीटमध्ये आणि ट्रेमध्ये चेंगरलं. बिजागरी कडाडली. मालकीण ओरडली, तसे त्या गृहस्थांनी मान वळवून "काही झालं का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटले. झोपसुद्धा लागली त्यांना लगेच. मला हेवा वाटला.

मालकीण घाबरली. तिने मला चाचपून पाहिलं, चालतोय म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला, झाकण मिटलं, कव्हरात घातलं. वर मला धक्का लागू नये म्हणून स्वतःच्या शालीत गुंडाळलं आणि पायाशी ठेवलं. किती प्रेमाने केलं तिने ते! आणि मी आत टक्क जागा. माझा पंखा जीव तोडून फिरत होता, पण इंजिनाच्या घरघरीत त्याचा आवाज कोण ऐकणार? मी तापत गेलो. आईचं ते चंदेरी कापड खरंच उत्तम प्रतीचं होतं. शेवटी सहन होईना, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आपला आपण बंद पडलो.

मला पुन्हा जाग आली ती थेट संध्याकाळी, थिएटरमध्ये; दिवसभर मालकीण दिवे टांगण्यातच गुंतलेली होती म्हणे. विंगेत, खोक्यावर. समोर मालकिणीचा पांढराफटक चेहरा. तिने बटण दाबलं, मी उठलो आणि उठल्या उठल्या, इतके महिने तुंबलेलं जे काम मला करायचं होतं ते करायला घेतलं. पडद्यावर अक्षरं आली. सुधारणा सुरू आहेत. कृपया बंद करू नका.

"आत्ता?" मालकीण किंचाळली. "आत्ता सुचलं याला?"

आत्ता सुचलं? मला? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण काय करणार, एकदा सुरू झालं की ते माझ्याही हातात नसतं. ते टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. दादाच्या पेनड्राइव्हवर सगळ्या क्यूंची नक्कल होती, पण ती उघडणारा प्रोग्राम फक्त माझ्यात. लोक आत येऊन बसायला लागले. पहिली घंटा झाली. सर येऊन बसल्याचं कुणीतरी सांगून गेलं. मालकीण माझ्यासमोर हात जोडून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या क्षणी माझा सगळा वैताग कुठल्या कुठे गेला. मला फक्त तिची काळजी वाटत होती.

"थिएटरचा हाताने चालवायचा बोर्ड आहे की," दादा म्हणाला. "दांड्या वरखाली करायच्या. चालवशील?"

"सगळं आठवलं पाहिजे ना रे दादा."

"तूच केलंयस ना ते?"

तिसरी घंटा झाली. तिने डोळे पुसले आणि बोर्डाशी जाऊन उभी राहिली.

मी विंगेतून बघत होतो. सुरुवातीला ती प्रत्येक दांडी दोनदा चाचपून मग सरकवत होती. एका ठिकाणी दिवा उशिरा लागला, नटीचं अर्धं वाक्य अंधारातच गेलं. माझा जीव टांगणीला. मी असतो तर असं झालं नसतं, हा विचारही मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू तिचे हात सैल झाले. माझ्याबरोबर काम करताना ती सगळा वेळ माझ्याकडेच बघायची. आज ती रंगमंचाकडे बघत होती. नट थबकला की तिचा हात थबकायचा, तो वळला की उजेड त्याच्याबरोबर वळायचा.

शेवटचा प्रसंग आला. बाई रिकाम्या घरात येऊन बसली. सगळीकडे अंधार. आणि नेमका त्याच वेळी माझं काम संपलं. मी लख्ख उजळलो. "आलं! आलं!" दादा कुजबुजत धावला. "जोडू का वायर? उजाडायचा क्यू आहे!"

मी तयार होतो. कितीतरी दिवस घोटलेला तो क्यू माझ्या पोटात अगदी जिथल्या तिथे होता.

मालकिणीने मान वळवलीसुद्धा नाही. तिचा हात शेवटच्या दांडीवर होता आणि ती दांडी सरकतेय की नाही, हेही कळत नव्हतं. "नको," ती म्हणाली. "बंद कर त्याला. त्याचा उजेड पडतोय."

दादाने मला बंद केलं. झाकण पाडून नव्हे. नीट, पुरता, पडदा काळा होईपर्यंत.

पुढचं मी पाहिलं नाही. दादाने नंतर फोनवर कुणाला तरी सांगितलेलं ऐकलं, ते एवढंच. ती बाई बसली होती, आणि लोकांच्या लक्षात आलं तेव्हा उजाडलेलं होतं. मग टाळ्या पडल्या म्हणे. सर उठून विंगेत आले, मालकिणीला म्हणाले, "माझ्या हाताने असं होत नाही आता," आणि गेले.

मला वाईट वाटलं का? वाटलं. ज्याच्यासाठी इतके दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, ते माझ्यावाचून झालं आणि चांगलं झालं. पण त्या दिवशी झोप लागली, ती मात्र जन्मात कधी लागली नव्हती अशी.

हल्ली मालकीण विमानात बसायच्या आधी मला बंद करते. बिजागरी अजून कुरकुरते, कव्हर घरीच राहतं आणि आईला ते कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही प्रवासाला निघाल तेव्हा तुमच्या पायाशी, शालीत, सीटच्या खोबणीत माझा कुणी भाऊबंद जागा असेल. त्याला बंद करा. कामाला आम्ही आहोतच, आणि राहू. पण अधूनमधून आम्हाला बाजूला ठेवून स्वतःच्या हातांनी उजाडवून बघा. आम्ही मनातल्या मनात थोडे रुसू. तेवढं चालेल.