दोनशे चाळीस ग्रॅम

मोजमास्तरांनी डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, आकडा पाहिला, डबा उचलला, काटा शून्यावर आणला आणि डबा पुन्हा ठेवला. एक किलो सातशे चाळीस. मग त्यांनी काटाच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेला, जणू ओटाच खोटं बोलत होता. तिथेही एक किलो सातशे चाळीस.

"वहीत किती आहे?" त्यांनी विचारलं.

बायकोने वही आधीच उघडून धरली होती. "एक किलो नऊशे ऐंशी."

मोजमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गेली बारा वर्षं ते संगणकाचे सुटे भाग घरी आणत, त्यांना ताणत, तापवत, मोजत आणि कुठली वस्तू दिलेल्या पैशांना जागते, कुठली नाही, ते आपल्या संकेतस्थळावर लिहीत. वाचकांनी प्रेमाने हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते मिरवलंही. आलेली प्रत्येक वस्तू आधी काट्यावर ठेवायची ही मात्र बायकोची पद्धत. सुरुवातीला लोक हसले. भाजी घेताय का, असंही कुणी लिहिलं. पण आत तांबं किती आणि हवा किती, हे झाकण न उघडता काटाच सांगतो, आणि ते तिला त्यांच्याही आधी कळलं होतं.

काट्यावरचा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन संगणकाच्या प्रत्येक भागाला सोसेल तेवढी वाटून देणारा. सहा महिन्यांपूर्वी मोजमास्तरांनी याच डब्याला दहापैकी नऊ गुण दिले होते. निम्म्या किमतीत महागड्या डब्याचं काम करतो, चोवीस तास पूर्ण भारावर चालवून पाहिला, डोळे झाकून घ्या, असं लिहिलं होतं. 'डोळे झाकून घ्या' हे शब्द त्यांनी बारा वर्षांत तीनदाच वापरले होते.

आता घोळ कुठे झाला ते सांगायला हवं. त्यांचा एक नियम होता. कंपनीने तपासायला म्हणून पाठवलेला डबा फळीवर जायचा. तपासायचा तो बायकोने दुकानातून नाव न सांगता उचलून आणलेला. कारण परीक्षकाकडे जाणारा नग कंपनीवाले मुलगी दाखवायला काढावी तसा नटवून पाठवतात. नियम साधा होता आणि बारा वर्षं पाळला होता. सहा महिन्यांपूर्वी बायकोचा पाय घोट्यात मोडला, ती प्लास्टरमध्ये पडून राहिली, दुकानात माल यायला आठवडा होता, आणि वाचक तर रोज विचारत होते. एकदाच, म्हणून मोजमास्तरांनी फळीवरचा डबा काढला. तो खरोखरच उत्तम होता. त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

हा ओट्यावरचा डबा सकाळी दादा ठेवून गेला होता. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. त्याचा संगणक शिकवण्याचा क्लास होता, अठरा मशीनचा. धाकट्याचा निकाल वाचून त्याने अठरा डबे एकदम घेतले आणि निकालाचा कागद छापून, फ्रेम करून क्लासच्या भिंतीवर लावला. गेल्या दोन महिन्यांत त्यातले तीन डबे फुटले. तिसरा भर वर्गात फुटला, धूर झाला, आणि त्या मशीनवर बसलेल्या मुलीचा हात मनगटापर्यंत भाजला. दादाने सकाळी दोन डबे आणले होते, एक जळका आणि एक शेजारच्या मशीनमधला चालू. त्याला धाकट्याकडून दोन ओळी लिहून हव्या होत्या: डबा चांगला आहे, दोष वायरिंगचा. क्लासची वायरिंग ज्याने केली तो वायरमन त्या इमारतीच्या मालकाची सगळीच कामं करायचा. या दोन ओळी मिळाल्या की मालक त्याला काढणार होता.

"पण त्याची बाजू?" मोजमास्तरांनी विचारलं होतं.

"त्याची बाजू काय असणार? त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय," दादा म्हणाला होता. ते ऐकून मोजमास्तरांना हायसं वाटलं होतं. अगदी खरं सांगायचं तर छातीवरचा धोंडाच उतरला होता. ही गोष्ट त्यांना नंतर फार लागली.

दोनशे चाळीस ग्रॅम. वरचं लेबल तेच, स्क्रू तेच, रंगही तोच. मोजमास्तरांनी दोन्ही डबे टेबलावर नेऊन झाकणं काढली. मग फळीवरचा, सहा महिन्यांपूर्वीचा, शेजारी उघडून ठेवला. तांब्याचं वेटोळं निम्म्यावर आलं होतं. उष्णता ओढून घेणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी होती तिथे बिस्किटाच्या पुड्यातल्यासारखा पातळ पत्रा होता. चालू डबा त्यांनी यंत्राला जोडला आणि भार हळूहळू चढवला. चोवीस तास लागले नाहीत. अकराव्या मिनिटाला वास आला आणि चौदाव्याला डबा गेला.

बायको दारात उभी होती. अजून ती त्या पायावर भार देत नसे.

"मग तो वायरमन कबूल का झाला?" ती म्हणाली.

मोजमास्तरांनी दादाला फोन लावला. आधी क्लास बंद कर म्हणाले, आजच्या आज, उरलेले सगळे डबे काढ. मग खरं काय ते सांगितलं. दादा बोलला तो हळू आवाजात, आणि तेच जास्त वाईट होतं. त्या मुलीच्या वडिलांना त्याने वायरमनचं नाव सांगून गप्प बसवलं होतं. आता पुन्हा कुठल्या तोंडाने जाऊ, असं त्याने विचारलं. बारा वर्षं नाव कमावलंस ते एका दिवसात मातीत घालू नकोस, असंही सांगून पाहिलं.

"त्याने चूक आपणहून पदरात घेतलीय," दादा शेवटी म्हणाला. "तू कशाला हिसकावून घेतोस?"

मोजमास्तर थोरल्या भावाला कधी उलटून बोलत नसत. आताही फोन ठेवून ते संगणकावर बसले. नऊ गुण खोडले, 'डोळे झाकून घ्या' खोडलं, आणि वर ठळक लिहिलं की तपासलेला डबा कंपनीने पाठवलेला होता, दुकानातला वेगळा निघाला, हा डबा कुणाच्या घरात असेल तर आजच काढा, नियम मी मोडला. शेवटच्या तीन शब्दांना पाऊण तास लागला. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं: कंपनीने किती दिले होते? त्यांनी स्क्रीन बंद केली. जुनी मोटारीच्या दिव्यांची पेटी काढली, दादाने ठेवलेले डबे तर दोन्ही गेले होते, म्हणून वाटेत दुकानातून तसाच एक नवा घेतला, आणि वायरमनचं घर विचारत गेले.

दुपारचे दोन वाजले होते, कामाचा वार होता, आणि वायरमन घरी होता. काम करणारा माणूस त्या वेळी घरी दिसला की मागचं सगळं न सांगता कळतं. तो दाराशी स्टुलावर बसून एक जुना पंखा उघडत होता. मोजमास्तरांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच तो हात पुसून उभा राहिला आणि स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं. घरात येणाऱ्या गुरुजींसाठी उठावं तसा उठला. मोजमास्तरांना ते सहन होईना.

उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं. वायरिंगमध्ये काही नव्हतं. डबा खराब होता, आणि तो चांगला आहे असं लिहिणारा मी. भावाला सांगितलंय, इमारतीच्या मालकाला आज लेखी देतो, मुलीच्या वडिलांकडेही जातो.

वायरमनने ऐकून घेतलं. चेहरा उजळला वगैरे काही नाही.

"मी तीनदा तपासलं होतं," तो म्हणाला. "तिन्ही वेळा सगळं ठीक आलं होतं."

"मग कबूल का केलंत?"

"तुमचा कागद होता ना भिंतीवर." त्याने पंख्याचं पातं उलटं करून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं. "त्या कागदाखालीच उभा राहून तपासत होतो. चोवीस तास चालवून बघितलं म्हणून लिहिलेलं. मी आपला दहा मिनिटं मीटर लावणारा माणूस. म्हटलं, एवढं मोजून सांगतायत तर डबा चांगलाच असणार. म्हणजे माझंच काहीतरी हुकतंय, आणि काय हुकतंय तेही मला कळत नाहीये. त्या पोरीचा हात आठवला की झोप लागत नव्हती. मग नवं काम आलं तरी घ्यायचं धाडस होईना."

आतून वायरमनची बायको आली. ती सगळं ऐकत होती हे उघड होतं. तिने पाणी पुढे केलं, रागावली नाही, आवाजही चढवला नाही.

"तेव्हाही तुम्हीच लिहिलं होतं," ती म्हणाली. "मग आताचं खरं कशावरून?"

मोजमास्तरांच्या फोनमध्ये त्या दिवशीचे अकरा आलेख होते, तिन्ही डब्यांच्या पोटाचे फोटो होते. फोन खिशातून काढायला गेलेला हात त्यांनी परत घेतला.

"माझ्यावरून नकोच, वहिनी," ते म्हणाले. "यांच्याकडे मीटर आहे. यांनीच मोजावं."

त्यांनी पिशवीतून डबा काढला, डब्यावर भार टाकायला पेटीतले पाच दिवे काढले, आणि बाजूला होऊन भिंतीला टेकले. काय करायचं ते वायरमनला सांगावं लागलं नाही. त्याने दिवे एकेक करून तारेला जोडले, सांधे दोनदा दाबून पाहिले, मीटरची दोन टोकं लावली. हात सराईत होते. बटण दाबल्यावर पाची दिवे लागले आणि खोली पिवळी झाली. बारा व्होल्ट यायला हवेत, मोजमास्तर फक्त एवढंच म्हणाले, साडेअकराच्या खाली गेलं तर डबा टाकाऊ. तेही न सांगते तर बरं झालं असतं असं त्यांना लगेच वाटलं.

पाच मिनिटं गेली, सहा गेली. वायरमन मीटरवर वाकून बसला होता. त्याच्या खांद्यांमुळे आकडा कुणालाच दिसत नव्हता. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मग कोंडलेला, तापल्या रंगाचा वास आला. वायरमनने बटण बंद करण्याआधी मीटर पुन्हा एकदा नीट पाहिला, काचेवरून अंगठा फिरवला, पुन्हा पाहिला.

मग त्याने मीटर उचलून मोजमास्तरांकडे वळवला.

"मला दहा पॉइंट नऊ दिसतंय," तो म्हणाला. "तुम्हाला?"