खुर्चीचं काळीज

"अहो, निदान पाय तरी धुऊन यायचं होतं," रांगेतली बाई नाक मुरडून पुटपुटली.

"धुतलेले चालत नाहीत म्हणे," वहिनी हळूच म्हणाली. "मळ आतून निघतो."

"आतला निघेल तेव्हा निघेल हो. बाहेरच्यानंच मला भोवळ यायला लागलीय!"

पाय वहिनीच्या नवऱ्याचे होते. घरांना रंग देणारा माणूस. नखांत कालचा पिस्ता, घोट्यावर परवाचा गुलाबी. हल्ली डोळ्यांतही पिवळा उतरला होता, आणि तो काही टर्पेंटाइननं निघणारा नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. "लिव्हर, म्हणजे काळीज, सुजलंय, पण अजून सावरेल. किती पिता?" त्यांनी विचारलं, तेव्हा वहिनीनंच घाईघाईनं उत्तर दिलं होतं, "छे हो, कधीमधी. यांना कामाचा ताण फार."

घरात त्या गोष्टीला 'ताण'च म्हणत. संध्याकाळी ताण यायचा, सुट्टीच्या दिवशी तर दुपारीच यायचा, आणि कपाटामागे ताणाच्या रिकाम्या बाटल्या दाटीवाटीनं उभ्या असायच्या.

उद्या पुन्हा डॉक्टरांकडे जायचं होतं. त्याआधी एकदा, पाय पाण्यात बुडवून अंगातलं विष काढणारे जलगुरू, असं वहिनीनं ठरवलं. सोबत नणंद आली, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. "मी नुसती बघायला येते," ती म्हणाली, तेव्हाच वहिनीनं देवाचं नाव घेतलं. वन्संच्या नुसत्या बघण्यानं सबंध शाळा चळचळा कापायची.

एका दुकानावरचा जलगुरूंचा हॉल खच्चून भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढ्यात टब, टबाच्या तळाशी चकचकीत कमळ, आणि कमळातून निघून गालिच्याखाली गुडूप झालेली वायर. जलगुरूंनी पाण्यात मूठभर मीठ सोडलं, रंगाऱ्याचे पाय बुडवले, बटण दाबलं.

"काळीज म्हणजे शरीराची मोरी!" ते गरजले. "मोरी तुंबली की माणूस तुंबतो! कशाला गोळ्या, कशाला पथ्यं? तळपायाला काळजाचं दार आहे. दार उघडा, विष बाहेर! मग खा, प्या, मजा करा. तुंबलं की या परत!"

यातला 'प्या' रंगाऱ्याला विशेष पटला.

पाणी पिवळसर झालं, मग गेरूसारखं, मग विटकरी, मग चक्क चॉकलेटी. वर फेस. "अगं आई गं!" सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

"बघ, किती निघालं!" रंगारी खुशीत आला. "कसं हलकं वाटतंय. म्हणजे आज संध्याकाळी जरा..."

तो थांबला, पण वहिनीला पुढचं ऐकू आलंच. इतक्या सोयीनं मळ निघणार असेल, तर हा माणूस ताण सोडेल कशाला? आपणच याला परवाना काढून दिला की! ती नणंदेकडे वळली.

"वन्सं, हे खरं असेल का हो?"

"विचारूया की." नणंद उठली. "गुरुजी, पुढचा नंबर माझा. पाणी मात्र ताजं घ्या."

पाणी बदललं, मीठ पडलं, बटण दाबलं गेलं. जलगुरूंनी डोळे मिटून हात वर केले. नणंदेनं शांतपणे एक रिकामी खुर्ची ओढली, तिचे पुढचे दोन पाय टबात ठेवले आणि स्वतः हाताची घडी घालून मागे उभी राहिली. हॉलमध्ये कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला.

"आई," जलगुरू मिटल्या डोळ्यांनीच गहिवरले, "फार सोसलंत! काळजात जुना राग साठलाय!"

"साठणारच. जो तो उठसूट अंगावर येऊन बसतो."

पाणी गेरू झालं. विटकरी झालं. जलगुरूंनी डोळे उघडले आणि हॉल हसून फुटला.

"बसणाऱ्यांचं विष... ते खुर्चीत उतरतं!" जलगुरू ओरडले.

"बरं, खुर्चीही काढते." तिनं खुर्ची उचलली. पाणी आपलं काळवंडतच राहिलं. "आता कुणाचं निघतंय? टबाचं?"

रंगारी टबापाशी उकिडवा बसला. पाण्यात बोट बुडवून त्यानं अंगठ्यावर चोळलं, उजेडात धरलं.

"शेड तीच," तो सावकाश म्हणाला. "माझी नि खुर्चीची एकच. ताई, हा गंज आहे. लोखंडी फाटक घासताना अस्साच निघतो."

"गंजच. कमळ आतून लोखंडी. खारं पाणी आणि वीज मिळाली की लोखंड झिजतं. पाय असोत नाहीतर नसोत." मग ती हॉलकडे वळली, वर्गाकडे वळावं तशी. "काळीज काय बादली आहे, विसळून ठेवायला? तेच दिवसरात्र आपलं रक्त साफ करतं. त्याला उसंत द्यायची. साधं जेवण, रोजचं चालणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको नि चूर्णही नको. आणि ज्यानं ते सुजतं, ते बंद. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कारण फार सवय असेल तर एकदम सोडणंही जिवावर बेततं. यात चमत्कार नाही, म्हणूनच भरवसा ठेवा. फक्त डॉक्टरांना खरं सांगा."

'ज्यानं सुजतं ते'. वन्संनीही शब्द टाळलाच, वहिनीच्या मनात आलं.

जलगुरू वायर गुंडाळत पुटपुटले, "खुर्चीतच दोष होता."

"रोज घेत असेल हो बिचारी!" मागून कुणीतरी ओरडलं.

हॉल पुन्हा खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यानं रंगारी हसला. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं आणि तो ओले पाय घेऊन नुसताच बसून राहिला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तशी वहिनी सवयीनं पुढे झाली. "चला, घरी जाऊ. यांना जरा कामाचा ता..."

त्यानं तिचा हात धरला.

"खुर्ची पीत नाही गं," तो म्हणाला. "मी पितो. रोज दारू पितो."