अकरा पुसली, दहा कोरली

मित्रांनो, माझ्या धारेकडे पाहून तुम्हाला खरे वाटणार नाही, पण मी पाथरवटाची छिन्नी आहे. हातोड्याचे घाव खाऊन खाऊन माझे डोके छत्रीसारखे पसरले आहे. हल्ली मी एका म्हाताऱ्याच्या परसात असते आणि मधमाश्यांच्या पेट्यांवरचे मेण खरवडते. माझा जन्म मात्र या कामासाठी झाला नव्हता. मी नावे कोरायची.

माझे लोखंड मुळात इटालियन लष्कराच्या ट्रकमधले. महायुद्धात हे सैन्य अल्बेनियात आले, हरून गेले आणि त्याचे मोडके ट्रक आमच्या डोंगरांत पडून राहिले. एका लोहाराने त्यातल्या स्प्रिंगची पट्टी कापली, तापवली, ठोकली, पाणी दिले आणि मला सोतीर पाथरवटाच्या हातात ठेवले.

"जपून वापर, उस्ताद," लोहार म्हणाला. "शत्रूचं लोखंड आहे, पण जातीचं आहे."

सोतीरने मला जपले. काम झाले की तो मला तेलकट फडक्यात गुंडाळायचा. त्याच्या हाताखाली मी घरांच्या चौकटी कोरल्या, पाणवठ्यांवर बांधकामाची वर्षे कोरली आणि थडग्यांवरची नावे कोरली. गावातले लोक म्हणायचे, सोतीरचे अक्षर आंधळ्यालाही वाचता येईल.

पुढे नव्या कम्युनिस्ट सरकारचा हुकूम आला की प्रत्येक गावाने आपल्या हुतात्म्यांचे स्मारक बांधावे. सोतीरने गावावरच्या माळावर पांढऱ्या दगडाचा उंच खांब उभा केला. टोकाला लाल तारा बसवला आणि पायथ्याशी संगमरवराची पाटी. युद्धात मेलेल्या गावातल्या मुलांची अकरा नावे मी त्या पाटीवर कोरली. सहावे नाव होते नास्तो. हा सोतीरचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी, नदी ओलांडताना त्याला गोळी लागली. नदीला पूर होता. देह मिळाला नाही.

ते नाव कोरताना सोतीर एकदाही थांबला नाही. शेवटचे अक्षर झाल्यावर त्याने फुंकर मारून धूळ उडवली. धूळ गेली तरी तो कितीतरी वेळ फुंकर मारतच राहिला.

त्या दोघांची आई, वासिलिका, दर शनिवारी माळ चढून यायची. तिची नजर अधू झाली होती आणि लिहावाचायला ती कधी शिकलीच नव्हती. पण नास्तोचे नाव तिला बोटांनी येत होते. ती पाटीवर वरून ओळी मोजायची, सहावीवर हात ठेवायची आणि तासभर बसायची. बाकीच्यांना निदान थडगी होती. नास्तोला एवढी एकच ओळ होती.

तो माझा मानाचा काळ होता. दर नोव्हेंबरात, मुक्तिदिनी, शाळेची मुले झेंडे घेऊन स्मारकापुढे रांगेत उभी राहायची आणि पक्षाचा तरुण चिटणीस क्रिस्ताक मोठ्याने अकरा नावे वाचायचा. जिल्ह्याचे साहेब म्हणायचे, "काय सुरेख अक्षर आहे." ते ऐकून मी फडक्यातल्या फडक्यात फुगायची. पुढे सरकारने देवळे बंद केली आणि आमच्या चर्चच्या चौकटीवरची संतांची नावे खरवडण्यासाठी मलाच नेले. तेव्हाही मला काही उमगले नाही. मला वाटले, संतांचे वेगळे, आपल्या मुलांचे वेगळे.

बरीच वर्षे गेली. एका शरदात सोतीरच्या बहिणीचा मुलगा सीमा ओलांडून ग्रीसमध्ये पळाला. आमच्याकडे त्याहून मोठा गुन्हा नव्हता. चार दिवसांत बहिणीच्या घरच्या सगळ्यांना ट्रकमध्ये घालून हद्दपार केले. पाचव्या दिवशी क्रिस्ताक सोतीरच्या अंगणात आला. सोतीरची बायको पोलिक्सेनी घेवडा सोलत बसली होती. ती कॉफी ठेवायला उठली.

"कॉफी नको, वहिनी. बसायला आलो नाही."

"मग उभ्याने बोल," सोतीर म्हणाला. तो दगडावर मला धार लावत होता.

"उस्ताद, पाटीवरचं सहावं नाव काढायचंय."

धार लावणारा हात थांबला. "पोरगा पळाला तो परवा. नास्तोला जाऊन तीस वर्षं झाली. मेलेल्यानं काय केलं?"

"तो पळपुट्याचा मामा होता. हुतात्म्याचं घर म्हणून तुम्हाला मान होता. तो आता तुमच्या घराला शोभत नाही, असं वरच्यांचं म्हणणं आहे."

"आणि तुझं?"

"माझं कुणी विचारत नाही." क्रिस्ताकने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "हे बघ, दोनिकाचं नाव शिक्षिका होण्याच्या शाळेत लागलंय ना? ते राहील. तुम्हीही घरात राहाल. माझा शब्द. पण काम तूच करायचं. घरच्यानंच केलं म्हणजे लोकांना बोलायला जागा राहत नाही."

दोनिका ही सोतीरची एकुलती मुलगी. ती दारात उभी होती. सोतीरने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"नुसतं नाव काढलं तर तिथं खड्डा राहील," तो म्हणाला.

"खड्डा नको. तिथं काही होतं असं दिसता कामा नये."

"मग सगळी पाटी बोटभर तासून खाली घ्यावी लागेल. अकराही जातील. दहा पुन्हा कोरावी लागतील."

"मग घे," क्रिस्ताक म्हणाला.

काम चार दिवस चालले. खालून शेताकडे जाणारे लोक मान वर न करता जात होते. गावातले एकही माणूस माळावर फिरकले नाही. आधी मोठ्या छिन्नीने दगड फोडायचा आणि मग मी सपाट करायचा. सहाव्या ओळीशी आल्यावर सोतीरने हातोडा खाली ठेवला आणि अंगठा एकेका अक्षराच्या खाचेत घातला. मग त्याने हातोडा उचलला.

मी कापले. मित्रांनो, छिन्नीला नाही म्हणता येत नाही, पण मला एवढेच सांगून सुटायचे नाही. हात सोतीरचा होता, तरी धार माझी होती. नास्तोचे नाव भुकटी होऊन सोतीरच्या गुडघ्यांवर पडले आणि त्याने ते झटकले नाही. दोन दिवसांनी मी दहा नावे कोरली. अक्षर पूर्वीइतकेच सुरेख आले. मला माझ्या त्या सुरेखपणाची अजून किळस येते.

आईला कुणी सांगितले नव्हते. शनिवारी ती नेहमीसारखी काठी घेऊन निघाली आणि सोतीर मुकाट्याने तिच्या मागून चढला. मी त्याच्या खिशात होते. वासिलिकाने ओळी मोजल्या, सहावीवर बोटे फिरवली आणि ती थबकली. तिने पुन्हा वरून मोजायला सुरुवात केली. मग एकेक ओळ चाचपत अगदी खालपर्यंत गेली.

"सोतीर, सहावा कोण रे हा?"

"पेत्राक, आई."

"आणि आपला?"

सोतीरने खिशात मला घट्ट धरले.

"एकंदर किती आहेत?"

"दहा."

वाऱ्याने तिचा काळा रुमाल फडफडत होता. ती रडेल, शिव्या देईल, असे मला वाटले. तिने तळहात पुन्हा सहाव्या ओळीवर ठेवला. "पेत्राकची आई जाऊन किती वर्षं झाली," ती म्हणाली. "त्याला तरी कोण हात लावतं." ती तासभर बसली, सोतीरच्या खांद्याला धरून उतरली आणि पुन्हा कधी माळ चढली नाही.

शब्द वसंतापर्यंत टिकला. एका सकाळी दारात ट्रक उभा राहिला. क्रिस्ताकने कागदावरून चार नावे वाचली: सोतीर, पोलिक्सेनी, वासिलिका, दोनिका.

"तू शब्द दिला होतास," सोतीर म्हणाला.

"मी दिला होता. वरच्यांनी नव्हता दिला."

अवजारे सामुदायिक शेतीच्या मालकीची ठरली, म्हणून मी मागे राहिले. त्यांना दूर खालच्या पाणथळ सपाटीवर धाडले. तिथे कोसच्या कोस चिखल आणि बोरूचे रान. पाथरवटाच्या डोळ्यांना एक दगड दिसायचा नाही.

मी गोदामात खोक्यांचे खिळे उपटत आणि वाळलेले सिमेंट खरवडत राहिले. मग एका वर्षी ते राज्यच कोसळले. लोकांनी गोदाम लुटले, तेव्हा क्रिस्ताकने मला उचलले. त्याच आठवड्यात तरुण पोरांनी ट्रॅक्टरला दोर बांधून स्मारक पाडले. जुन्या सरकारचे म्हणून पाडले. पाटीवर काय लिहिले आहे, ते कुणी वाकून पाहिले नाही. पाटीचे तुकडे झाले. एक तुकडा समोरच्या डुकरांच्या खोपटाची पायरी आहे. तो मला इथून दिसतो. अक्षरे खालच्या बाजूला आहेत.

गेल्या वसंतात दोनिका आली. केस पांढरे झाले होते. क्रिस्ताकने तिला खुर्ची दिली, अक्रोडाचा मुरंबा दिला. तिने सांगितले की आजी पहिल्याच हिवाळ्यात गेली, मग आई, आणि अकरा वर्षांनी चर खणता खणता बाबा. त्यांच्या थडग्याशी दगडाऐवजी फळीचा तुकडा होता. तोही कुजला.

"मला माळावर नास्तोकाकाचा दगड लावायचाय," ती म्हणाली. "नगरपालिका म्हणते, हुतात्मा असल्याचा कागद आणा. सगळ्या कागदांवर नावं नाहीत, नुसता आकडा आहे, दहा. तुम्ही दर वर्षी वाचायचात. अकरा होते, एवढं लिहून द्या."

क्रिस्ताक मला घेऊन पेटीवरचे मेण खरवडत होता. "दहा," तो म्हणाला. "मीच वाचायचो ना." त्याने डोळे मिटून दहा नावे म्हटली, क्रमाने, एकही न चुकता. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "नास्तो... तुझ्या बाबांचा भाऊ? तो ग्रीसला पळाला होता ना, पोरी?"

मी त्याच्या मुठीत होते. त्याचा हात जराही हलला नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याने खोटे बोलावे अशी मी मनोमन आशा करत होते, कारण खोटे बोलणाऱ्याला खरे निदान माहीत असते.

दोनिकाने मुरंब्याचा चमचा बशीत ठेवला. "येते," म्हणाली आणि गेली. ती परत आलेली नाही.

मित्रांनो, ते नाव मला अक्षर न् अक्षर येते, पण हाताशिवाय लोखंडाला लिहिता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. गावात एखादी पाटी असेल तर तिच्याजवळ जा, नावे बोटाने मोजा आणि घरी येऊन म्हाताऱ्यांना विचारा, अजून कोण होते? लवकर विचारा. आमच्या गावात कुणी विचारले नाही. पाटी फुटल्यापासून ती दहा नावेही आता क्रिस्ताकच्या जिभेवरच उरली आहेत, आणि क्रिस्ताकला ऐंशी उलटून गेली आहेत.