पहिल्या मुंजाजीचं पान

विष्णुपंत गुरुजींना लोक खुळ्यात काढायचे, आणि खरं सांगायचं तर गुरुजींनी तशी सोयच करून ठेवली होती. सेलूच्या शाळेतून रिटायर झालेला माणूस एक तर शेत बघतो, नाहीतर पोरांच्या संसारात लुडबुड करतो. गुरुजी एका नावाची माणसं गोळा करत हिंडायचे. त्यांची बायको विमलाबाई गेली तेव्हा वर्षभर हा माणूस कुणाशी धड बोलला नाही. मग एक दिवस खांद्याला पिशवी लावून जो निघाला, तो जिल्ह्यातल्या सगळ्या विमला शोधायलाच. एक विमला नर्स, एक बांगड्या भरणारी, एक मुलींचं वसतिगृह, एक पिठाची गिरणी. सगळ्यांचं मिळून त्यांनी पुस्तक काढलं. लोक आधी हसले, पण पुस्तक घरोघर गेलं, कारण त्यात कुणाची ना कुणाची आई नाहीतर मावशी होतीच.

त्यानंतर त्यांनी मुंजाजी हे नाव धरलं. आता आमच्या परभणीकडं मुंजाजींना काय तोटा! बांधावरच्या पिंपळाखाली मुंजा बसलेला असतो. त्याला नवस बोलायचा आणि पोरगं झालं की त्याचंच नाव ठेवायचं. मुंजाजी एसटी चालवतात, मुंजाजी कीर्तनं करतात, मुंजाजी निवडणुकीला उभे राहतात आणि पडतातही. शिवाय मुंजाजी विद्यालय आहे, मुंजाजी दूध डेअरी आहे, मुंजाजी भजनी मंडळ आहे. या सगळ्यांना पुस्तकात घ्यायला गुरुजी तयार होते, पण त्यांचा नियम कडक होता. ज्याच्यावर पान लिहायचं त्यानं स्वतःबद्दल तोंड उघडायचं नाही. ज्यानं नाव ठेवलं त्यानं सांगायचं, आणि तो हयात नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यानं.

"स्वतःची तारीफ सगळेच करतात," गुरुजी म्हणायचे. "तुला हाक कुणी मारली ते मला ऐकू दे."

पेडगाव फाट्यावर शेतपंपांच्या जळालेल्या मोटारी तारेनं भरून देणारा मुंजाजी हे ऐकून विचारात पडला. गुरुजींचा तो जुना विद्यार्थी. मागे ओढ्याच्या पुलावर एसटी पुरात अडकली, तेव्हा यानंच कमरेला दोर बांधून आतली माणसं एकेक करून बाहेर काढली होती. पेपरात बातमी आली ती 'एका स्थानिक युवकाने' अशी. गावानं पेपर फाट्यावर आणून दिला, पेढे खाल्ले आणि नावाचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुंजाजीच्या मात्र ते काळजात रुतून बसलं. म्हणून गुरुजी म्हणाले, "तुझं पान पुस्तकात पहिलं घेतो, फक्त बायनाबाईंना बोलतं कर," तेव्हा त्याला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

कारण बायनाबाई, म्हणजे त्याची माय, त्याला नावानं हाकच मारत नव्हती. "आरं", "ऐकलास का", "इकडं ये", एवढ्यावर तिनं पंचेचाळीस वर्षं भागवली होती.

याचं कारण गावाला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या आधी या घरात एक मुंजाजी होऊन गेला होता. नवसाचं पहिलं पोरगं, शाळेत जायच्या वयाचं होता होताच तापानं गेलं. पुढं हा जन्मला तेव्हा घरचे म्हणाले, मुंजानं आपला मुंजाजी परत धाडला. तेच नाव, तोच पाळणा. शाळेत घालताना बापानं जन्माचा दिवस आणि महिनासुद्धा थोरल्याचाच सांगून टाकला, वर्ष तेवढं पुढचं घातलं. तो पंचायतीत लिहिलेला होताच, खरी तारीख शोधायला कोण हेलपाटे घालतो! तेव्हापासून हा गडी दुसऱ्याच्या वाढदिवसाला मोठा होत आला. त्या दिवशी माय पुरणपोळी करायची, एक पोळी पिंपळाखाली ठेवायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

त्याला पुस्तकात फोटो नको होता, सत्कारही नको होता. मायनं एकदा आपल्याबद्दल चार शब्द बोलावेत, आपलं म्हणून, एवढीच त्याची इच्छा होती. पण हे मोठ्या वयाच्या बाप्यानं सांगायचं कुणाला?

गुरुजी आले ते सुनेच्या, योगिनीच्या स्कूटीवर मागे बसून. योगिनीनं बोलणं भरून घ्यायला मोबाईल समोर ठेवला. बायनाबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. तिनं पदर सारखा केला, पण सूप काही मांडीवरून खाली ठेवलं नाही.

"बायनाबाई, मुंजाजी हे नाव कसं ठेवलं, तेवढं सांगा," गुरुजी म्हणाले.

आणि काय नवल! जी बाई एरवी मोजून मापून बोलायची, ती बोलायला लागली.

"मीच मागितलं व्हतं गुरुजी मुंजाला. लय वर्सं कूस उजवली न्हाई. मंग झालं. लय गुणाचं लेकरू. उंबऱ्यावर बसायचं अन रस्त्यानं जो बैल जाईल त्याला नाव द्यायचं. ह्यो सोन्या, ह्यो पाटील, ह्यो मामा. लोकायचे बैल, पर नावं ह्याची. मालक बी हसून त्याच नावानं हाका मारायचे. कापसाच्या ढिगात दडून बसायचं, आन आपुनच आतून वरडायचं, 'मी न्हाई हितं!'"

ती हसली. मुंजाजीनं मायला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकून तो ऐकत उभा होता.

"मंग ताप आला," बायनाबाई म्हणाली. "परभणीला नेईस्तोवर डोक्यात गेला. बैलगाडीतच गेलं लेकरू. जाताना बी बैलाकडंच बघत व्हतं."

योगिनीनं डोळे पुसले. गुरुजी हळूच म्हणाले, "बायनाबाई, ते कळलं. पण मी या मुंजाजीचं विचारायला आलोय. हा समोर उभा आहे ना, याचं."

बायनाबाईचा हात सुपातच थांबला. तिनं एक खडा उचलला, बाजूला टाकला, पुन्हा एक शोधला.  आणि मुंजाजीचा इतक्या वर्षांचा बांध फुटला.

"सांग की माय! माझं बी काही असंल का न्हाई? जलमापासून तुझ्यासमोर हाय मी. मेल्यालं लेकरू तुला रोज दिसायलंय, आन जितं दिसंना व्हय? म्या पुरातून परकी माणसं काढली, तवा बी तू एका शब्दानं बोलली न्हाईस. असं काय केलं म्या? त्याच्या जागी आलो, एवढाच गुन्हा हाय ना?"

"अवो!" त्याची बायको राजेश्री आतून धावत आली. "मायशी असं बोलतेत का?"

"बोलू दे त्याला," बायनाबाई म्हणाली. पण लेकाकडं न बघता ती गुरुजींशीच बोलली. "गुरुजी, तुमचा नेम हाय ना, नाव ज्यानं ठिवलं त्यानं सांगावं? मंग मी काय सांगू? ह्याचं नाव म्या ठिवलंच न्हाई."

"म्हणजे?"

"सासूनं ठिवलं. म्हनली, मुंजानं दिल्यालं परत नेलं, आता त्याचंच नाव न्हाई ठिवलं तर ह्ये बी नेईल. म्या पाया पडले. म्हनलं, दुसरं कायबी ठिवा, ह्ये नगं. कोण ऐकतंय? नणंदंनं कानात कुर्र केलं, मुंजाजी म्हनली, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, झालं बारसं. मला जीवन ठिवायचं व्हतं. एक गेलं, ह्ये तरी जगावं म्हनून."

मुंजाजी चौकट सोडून खाली बसला.

"पाळण्यापशी कुणी नसलं की दुसऱ्या कानात सांगायचे," बायनाबाई पुढं म्हणाली. "जीवन, जीवन. पर भ्या वाटायचं. देव ऐकंल, अन नेईल. मंग ते बी सोडलं. आन मुंजाजी म्हनावं, तर गुरुजी, माझं थोरलं मागं वळून बघतंय. आये म्हनून येतंय. त्याला काय सांगू, तुला न्हाई हाक मारली म्हनून? मुंजाजी म्हनलं तर त्याला लागतंय, जीवन म्हनलं तर ह्याच्या जिवाला भ्या. मंग आरं म्हनून दिस काढले."

एवढं बोलून तिनं सूप उचललं आणि ती आत निघून गेली. गुरुजींनी योगिनीला खुणेनं मोबाईल बंद करायला सांगितला.

पुढचे काही दिवस मुंजाजीला काही सुधरेना. दुकानात मोटार उघडायचा आणि तार हातात धरून बसून राहायचा. शेतकरी खोळंबायचे, शिव्या घालायचे. मायला आपला तिरस्कार नव्हता, हे कळल्यावर मोकळं वाटायला हवं होतं ना? वाटत होतंही, पण दुसऱ्याच क्षणी रागही यायचा. आजीचा, आत्याचा, पिंपळाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आपण मायवर ओरडलो.

"आता काय आधार कार्ड बदलायचा इचार हाय का?" राजेश्रीनं एकदा हसवायला म्हणून विचारलं.

"कार्डाचं सोड. ती एकदा हाक मारती का बघायलो."

"मारली?"

"न्हाई."

नाहीच मारली. बोलून तर बसली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा "आरं, चहा घे" सुरू झालं. इतक्या वर्षांची भीती एका दिवसात निघते होय?

शेवटी तो गाडीत बसून सेलूला गेला आणि गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, माझं पान काढा."

गुरुजी भडकलेच. "डोकं फिरलंय का तुझं? पुस्तक छापायला निघालंय! पुरातून माणसं काढलेला एकुलता एक मुंजाजी आहेस तू. तुझं पान काढून तिथं काय, डेअरीची जाहिरात घालू?"

"थोरल्याचं घाला."

"अरे, त्या लेकरानं काय केलंय? पाच वर्षांचंही नव्हतं."

"बैलांना नावं दिली की," मुंजाजी म्हणाला. "आन त्याचं नाव मायनंच ठिवलंय. मायनंच सांगितलंय. तुमच्या नेमात बसतंय ते. माझ्याबद्दल तिनं काय सांगितलंच न्हाई, मी बसत न्हाई."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोघांचंही छापतो. एका घरातले दोन मुंजाजी. त्यात बिघडलं काय?"

"नगं गुरुजी. दोन पानं छापली की पुन्यांदा आमी दोघं एकाच नावात दाटीवाटीनं बसणार. जलमभर तेच झालं. मला बी न्हाई पुरलं, आन त्याला बी न्हाई. त्याला मोकळं बसू द्या आता."

 भिंतीवरच्या विमलाबाईंच्या फोटोकडं गुरुजींनी पाहिलं आणि योगिनीला हाक मारून ते पान बदलायला सांगितलं. मुंजाजी परत निघाला तेव्हा ते फाटकापर्यंत सोडायला आले, आणि कधी नव्हे तो त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रकाशनाला सेलूचं सभागृह गच्च भरलं. डेअरीवाल्यांनी फेटे आणले होते, भजनी मंडळानं टाळ आणले होते. मुंजाजी मायला घेऊन मधल्या रांगेत बसला, शेजारी राजेश्री. निवेदकाला हौस फार. तो माईकवर म्हणाला, "आता जिल्ह्यातल्या समस्त मुंजाजींनी आपापल्या जागेवर उभं राहायचंय!"

खुर्च्या करकरल्या. म्हातारे उठले, तरणे उठले, एक तर बापाच्या कडेवरचा मुंजाजी उंच धरला गेला. टाळ्या आणि हशा. पेडगावचा आश्रुबा मागून ढोसायला लागला, "आरं ऊठ की मुंजा! झोपलास का काय?"

तो उठला नाही. गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत राहिला. आजूबाजूला सगळे उभे, आणि त्यात हा एकटा बसलेला. त्याचे कान तापले. कोणतंच नाव नसलेला माणूस कसा असतो, हे त्याला त्या घडीला कळलं, आणि सगळं सोडून पळून जावंसं वाटलं.

सगळे बसले. मग गुरुजी स्वतः माईकपाशी आले.  "या पुस्तकातलं पहिलं पान एका लहान मुलाचं आहे. मुंजाजी, राहणार पेडगाव. त्यानं गावच्या बैलांना नावं दिली. त्याच्या आईनं वर यावं आणि पहिली प्रत घ्यावी."

 लोक माना वळवून बघायला लागले. बायनाबाई खुर्चीचा हात धरून बसून राहिली. मंचाच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या, आणि पाण्यानं भरलेल्या डोळ्यांना तर समोरचं काहीच दिसत नव्हतं. ओठ मात्र हलत होते. लेकाला वाटलं, देवाचं नाव घेतेय. तो तिच्याकडं वाकला.

तिनं त्याचा हात धरला, घट्ट, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जीवन, ऊठ. जा, भावाचं पुस्तक घेऊन ये."

आणि तो उठला.