पडद्यावरची हाळी

श्रावणात माझी बायको भागी गेली आणि पौषात मी म्हसा गावच्या जत्रेत सिनेमाच्या तंबूत जाऊन बसलो. घरात माणूस गेलं की वर्ष सरेपर्यंत आमच्यात कुणी जत्रेला जात नाही. सणाला गोड करत नाहीत. मला हे सगळं ठाऊक होतं. थोरल्या भावाला सांगितलं, बैल बघून येतो, आणि आमच्या वैशाखरे गावाहून निघालो. बैल घ्यायचाच नव्हता.

मला भागीला बघायचं होतं. तिचा एकही फोटो घरात नाही. ती फक्त त्या तंबूतल्या एका सिनेमात होती, आणि तिथे लोक तिला हसत होते.

ती तिथे कशी गेली ते आधी सांगतो. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी मुंबईचे सिनेमावाले माळशेज घाटाचे देखावे घ्यायला आमच्याकडे आले होते. आमचं नागलीचं शेत घाटाच्या वाटेला लागून आहे. नागली पिकायला आली की राघूंचे थवे उतरतात, म्हणून शेतात चार खांबांवर माळा बांधतात आणि त्यावर उभं राहून दिवसभर पाखरं हाकतात. आमच्याकडे ज्याची त्याची हाळी वेगळी. लांबून ऐकली तरी कळतं, कुणाच्या माळ्यावर कोण आहे. बाई सासरी येते ती माहेरची हाळी घेऊन येते. भागीची हाळी खालून सुरू व्हायची, वर चढत जायची आणि शेवटी एकदम तुटायची. "हाऽऽ हो हो हो हुर्याऽ!" तिचं माहेर म्हशाच्या अलीकडे कोसभर. तिचा भाऊ लडकू, तिची आई, सगळे असंच ओरडायचे. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात शेजारच्या शेतातल्या रंगूने मला विचारलं होतं, "कमळूदादा, माळ्यावर यंदा कोल्हा बसवलाव का?" भागी वरूनच म्हणाली, "कोल्हाच हाय. तुझ्या कोंबड्या सांभाळ."

सिनेमावाल्यांतल्या एकाने ती हाळी ऐकली आणि आपली पेटी तिच्याकडे वळवली. "बाई, जशा ओरडता तशाच ओरडा," म्हणाला. राघू तेव्हा नव्हतेच. तरी भागीने पदर खोचला, हात पसरले आणि सगळं अंग हलवून हाळी दिली. त्याने पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा दिली. संध्याकाळी भाकरी थापताना मला म्हणाली, "आज चांगली लागली हाळी. पेटीत गेली ती." मलाही तसंच वाटलं. त्या पेटीला डोळा होता, कान नव्हता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

त्यानंतर एक वर्ष सोडून आम्ही दोघं म्हशाच्या जत्रेला गेलो आणि तंबूत शिरलो. मोठा सिनेमा लागायच्या आधी एक लहान चित्र लावत. त्यात माणसं नव्हती. कागदावर हाताने काढलेलीच चित्रं, पण हलणारी. काढलेला राघू, डोक्यावर टोपी, काखेत छत्री. नागलीच्या शेतात शिरून तो कात्रीने कणसं कापत होता आणि मागून एक उंदीर टोपली धरून चालला होता. लोक मजेत बघत होते. तेवढ्यात राघू गेला, शेत गेलं आणि पडद्यावर भागी आली. काढलेली नाही, खरी. तिचं लुगडं, तिचे दात, मी माळ्याला बांधलेला दोर. भागीने माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐका आता," म्हणाली.

पडद्यावरच्या भागीने तोंड उघडलं आणि त्यातून रेडा ओरडला.

सगळा तंबू हसला. मग काढलेला राघू भिऊन पाय वर करून पडला. पुन्हा भागी आली. पुन्हा रेडा.

ती मधे उठली नाही. मोठा सिनेमा संपेपर्यंत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "माझा आवाज नाय तो." मी म्हणालो, नाही. गाडी जुंपताना ती म्हणाली, "कुणाला सांगू नका. आमच्या घरी तर नायच. लडकूला नायच नाय." आमच्या गावचे लोक बैलांच्या बाजारात होते, कुणी बघितलं नव्हतं. मी सांगितलं नाही. त्या वर्षीच्या हंगामात भागी माळ्यावर चढली ती रॉकेलचा रिकामा डबा घेऊन. दिवसभर डबा बडवायची. रंगूने विचारलं, "कोल्हा कुठं गेला गो?" तेव्हा ती म्हणाली, "घसा बसलाय." पुढच्या श्रावणात तिला ताप आला आणि त्यातच ती गेली.

म्हशाला पोचलो तेव्हा दुपार होती. तंबूमागे सिनेमाचं मशीन चालवणारा अनंता इंजिनाला तेल घालत बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"राघूचं चित्र हाय का यंदा?"

"छत्रीवाला ना? हाय. जुनं झालंय, जागोजागी जोडलंय, पण लोक सोडत नाहीत. ती बाई येते ना मधी, तिच्यासाठी."

"तिला कशाला घातली मधी?"

"हसायला, बाबा! सगळं काढलेलं चाललंय, माणूस त्यात रमलेला. नि एकदम खरी बाई. माणूस दचकतो, नि दचकला की हसतो. तीच बाई काढलेली असती तर कोण हसलं असतं? खरी हाय म्हणून तर मजा." मग त्याने हात पुसत माझ्याकडे बघितलं. "तुमालाही आवडली वाटतं?"

"हा," मी म्हणालो. "हसायला बरं वाटतं."

हे माझ्या तोंडून गेलं. तिचा नवरा आहे असं मला सांगता आलं नाही.

दिवे लागताना मी घोंगडी डोक्यावरून घेऊन तंबूत बसलो. इंजिन सुरू झालं, दिवा गेला, राघू छत्री घेऊन आला. माझ्या शेजारी लाल मुंडाशाचा एक माणूस होता. त्याने हे आधी बघितलं असावं. मला कोपराने ढोसून म्हणाला, "आता बघ मजा. रेडा येतोय." तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात पडला. बघतो तर लडकू.

"दाजी? तुमीच ना हे?"

"लडकू, बस खाली."

"बाजारात तुमच्या गावचा माणूस भेटला. म्हणाला, कमळू बैल बघायला आलाय. सगळा बाजार हुडकला मी. बैल काय हितं तंबूत बांधलेत?"

"बस म्हणतो ना. गप बस."

"माझ्या बहिणीचं वरीस सरलं नाय, नि तू हसायला आलास?"

इतक्या वर्षांत त्याने मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. तो तसाच उभा होता आणि त्याच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली होती. मागून कुणी ओरडलं, "ए बगळ्या, मान खाली घे!" आणि नेमकी तेव्हाच भागी आली. लडकूची सावली तिच्या तोंडावर. मला तिचे फक्त हात दिसत होते. मी त्याच्या कमरेला धरून जोराने खाली ओढलं. तो आडवा पडला, शेजारच्याच्या मांडीवर डोकं आपटलं. मेलेल्या बायकोच्या भावाला मी आपटलं, कारण तो तिच्या आड येत होता.

तो शिवी द्यायला उठला तेव्हा भागी दुसऱ्यांदा आली. शिवी त्याच्या तोंडातच राहिली. रेडा ओरडला. लाल मुंडाशाचा माणूस हसून हसून पुढे वाकला.

आम्ही बाहेर आलो. भजीच्या दुकानाच्या मागे लडकूने मला थांबवलं.

"भागीच ना ती?"

"हो."

"आणि तो आवाज कुणाचा घातला?"

"ठाऊक नाय."

"हाळी तर ती बरोबर देत होती. ओठ बघितलेस? शेवटचं हुर्या, तसंच तोंड." त्याने स्वतः ओठ तसे करून बघितले, आवाज न काढता. "मग ती हाळी गेली कुठं?"

"पेटीत गेलीच नाय."

"मला का नाय सांगितलं?"

"ती नको म्हणाली. तुला तर नायच."

त्याने मुंडासं सोडून तोंड पुसलं आणि परत बांधलं. मग म्हणाला, "आयेला दाखवू."

"वेडा झालास का? लोक हसतात तिथं."

"आयेला ऐकू येत नाय, दाजी. तिला रेडा ऐकू येणार नाय."

म्हातारीला बरीच वर्षं ऐकू येत नव्हतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिला हसणंही ऐकू येणार नव्हतं. भागीने कुणाला सांगू नका म्हटलं होतं, ते मी लडकूला पुन्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या रात्रीचा खेळ झाला की तंबू उठणार होता, आणि मलाही भागीला पुन्हा बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लडकू माझ्या सासूला गाडीत घालून घेऊन आला. सोबत त्याची बायको गिरजा. बायकांची जागा दोरीच्या पलीकडे. गिरजाने म्हातारीला अगदी पुढे बसवलं. मी पुरुषांत, दोरीजवळ. लडकू दारातच उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. माझ्या शेजारी कालचाच लाल मुंडाशाचा माणूस येऊन बसला. "तुमी पण परत?" म्हणाला. मी मान हलवली.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. दिवा गेल्यावर सासू मोठ्याने म्हणाली, "ह्या चादरीमागं कोण बसलंय गो?" बायका हसल्या. राघू कणसं कापायला लागला तेव्हा म्हणाली, "मेला चोर! टोपी घालून चोऱ्या करतो!" आता पुरुषही हसले. शेजारचा म्हणाला, "सिनेमापेक्षा म्हातारी बरी हाय."

मग भागी आली. रेडा ओरडला, तंबू हसला. सासू पडद्याकडे सरकली. तिची मान पुढे गेलेली मला दिसली. राघू पडला आणि पुन्हा उठायला लागला.

भागी दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हातारी गिरजाच्या खांद्याला धरून उभी राहिली. "भागे! अगो माझी पोर हाय ती! हाण त्याला, सोडू नको!" आणि तिने दोन्ही हात वर करून हाळी दिली. घसा फाटलेला होता, पण हाळी तीच. खालून सुरू झालेली, वर चढलेली, शेवटी तुटलेली. रेड्याच्या वर ऐकू आली.

लोक बाकड्यांवर लोळायचे बाकी राहिले. शेजारच्याने डोळे पुसत मला ढोसलं. "येडी हाय का रे म्हातारी? कोण ती?"

मी त्याच्याकडे वळलो. "माझी सासू," म्हणालो. "आणि पडद्यावर हाय ती माझी बायको. श्रावणात वारली."

त्याने कोपर मागे घेतलं. मी परत पडद्याकडे बघितलं तेव्हा काढलेला राघू पाय वर करून पडला होता. भागी गेली होती. त्याला सांगण्यात माझं तिला बघायचं राहून गेलं.

मोठा सिनेमा आम्ही बघितला नाही. बाहेर सासूने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचा चेहरा इतका उजळलेला मी भागी गेल्यापासून बघितला नव्हता.

"किती खूश झाले रे लोक माझ्या पोरीला बघून, कमळू!"

मी मान हलवली.

"राघू पडला ना? तिच्या हाळीनं पडला."

मी पुन्हा मान हलवली. लाल मुंडाशाचा माणूसही तंबूबाहेर आला होता. तो लांब उभा राहून आमच्याकडे बघत होता, जवळ आला नाही.

गाडी निघाली. जत्रेतून परतणारे लोक वाटेने चालले होते. सासू गाडीत अर्धी उठून प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "माझी भागी हाय तंबूत! राघूला पाडलंन तिनं!" ओळखीचे, बिनओळखीचे, सगळ्यांना. गिरजा तिचा पदर ओढत होती, तर तिने तो सोडवून घेतला. एका म्हाताऱ्याने लडकूला विचारलं, "काय म्हणते रे तुझी आये?"

"खरं म्हणते," लडकू म्हणाला आणि बैल हाकले.

मी गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसलो होतो. वाटेवरचे लोक माझ्याकडे बघत होते. मी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि रस्त्याकडे बघत राहिलो.