अठरा ग्रॅम कमी

मित्रांनो, मी तराजू आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. नवे तराजू आत्मवृत्त सांगत बसत नाहीत, ते आकडे दाखवून गप्प होतात. मला एक आडवी दांडी आहे, दांडीच्या मधोमध उभा काटा आहे आणि दोन टोकांना साखळ्यांनी टांगलेली दोन पारडी आहेत. स्वभावाने मी अस्वस्थ. माशी बसली तरी हलतो, दार आपटलं तरी हलतो. एखादा तराजू अगदी शांत लटकलेला दिसला, तर समजा की दुकान बंद आहे किंवा दुकानदाराला डुलकी लागली आहे.

एका ओतशाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत माझा जन्म झाला. कारागिराने माझी दांडी कानशीने घासली. या टोकाला कणभर, मग त्या टोकाला कणभर. रिकाम्या पारड्यांवर काटा सरळ उभा राहिला, तेव्हा तो म्हणाला, "जा आता, लोकांची भांडणं मिटव." ते काम मला कधीच जमलं नाही. उलट एक भांडण माझ्याच डोळ्यांदेखत पेटलं, आणि त्यात माझाही हात होता. तेच सांगायचं आहे.

त्याआधी एक कबुली. लोक मला न्यायाची खूण समजतात, माझी चित्रं काढून मोठमोठ्या भिंतींवर लावतात. पण मला कळतं ते इतकंच, की डावीकडचं आणि उजवीकडचं सारखं आहे की नाही. दोन्हीकडे सारखंच चुकलेलं असेल, तर मी छाती काढून सरळ उभा राहतो. पुष्कळ माणसांचंही असंच असतं, फक्त त्यांची चित्रं कुणी काढत नाही.

मला एका किराणा दुकानदाराने विकत घेतलं. त्यांना सगळे काटेकाका म्हणत. हे नाव माझ्यामुळे पडलं की त्यांच्या स्वभावामुळे, यावर गिऱ्हाइकांत दोन तट होते. काटेकाका चर्चच्या मंडळीतले पंच होते. रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याच्या वेळी भाकरीची ताटं बाकांमधून तेच फिरवत. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतही. "कृपा म्हणजे काय? आपली लायकी नसताना देवाने दिलेलं देणं," असं ते मुलांकडून घोकून घेत, आणि ज्याला नीट म्हणता येत नसे त्याला दहापैकी चार गुण देत.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते माझ्या दांडीवर हात ठेवून प्रार्थना करत. "प्रभू, माझ्या हातून कुणाला एक दाणाही कमी जाऊ देऊ नकोस." प्रार्थना मनापासून असे. जरा मोठ्याने असे, म्हणजे शटरबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाई, पण मनापासून असे.

दर शनिवारी दुपारी वजनांची अंघोळ असे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी लिंबाची सालं आणून देत, आणि काटेकाका स्वतः विटेच्या बारीक भुकटीने सगळी पितळी वजनं घासत. काळा ठिपका म्हणून राहू देत नसत. "वजनात तोंड दिसलं पाहिजे," असं ते म्हणत. दिसायचंही. त्यांचंच.

दुकानात त्यांचा धाकटा भाऊ हाताखाली होता. त्यालाही सगळे धाकटाच म्हणत. तो अंगाने थोराड, हात फावड्याएवढे, आणि हिशेबात कच्चा नव्हता पण हिशेबावर जीवही नव्हता. पारडी बरोबरीला आली की तो पोत्यातून आणखी एक मूठ उचलायचा आणि पुडीत टाकायचा. माझा काटा दचकायचा. गिऱ्हाईक हसायचं. काटेकाका हसायचे नाहीत.

"पारडं टेकलं की हात थांबला पाहिजे," ते म्हणत.

"दादा, मूठभराने काय बिघडतं?"

"मुठीने नाही बिघडत. सवयीने बिघडतं."

असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका गर्दीच्या सकाळी धाकट्याने एका म्हातारीच्या पिशवीत मूठ टाकली, आणि काटेकाकांनी ती पिशवी पुन्हा माझ्यावर ठेवली. मी डावीकडे तोंड करून लटकलो. काय करणार, खोटं बोलायची मला सोय नाही.

"मालकाला न विचारता माल उचलणाऱ्याला चोर म्हणतात," काटेकाका सर्वांसमोर म्हणाले. "तू तो घरी नेत नाहीस, लोकांना देतोस, एवढाच फरक. चोरी करून वर शाबासकीही पाहिजे."

धाकट्याने गळ्यातला एप्रन काढला, घडी घालून गल्ल्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला. पुढे तो एका बेकरीत भट्टीवर लागला. रविवारी दोघे उपासनेला येत. एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. मधल्या वाटेने भाकरीचं ताट घेऊन जाताना काटेकाका त्याच्या बाकावर ताट देत आणि नजर पुढच्या बाकावर ठेवत. अशी अकरा वर्षं गेली. मंडळीला सवय झाली. मलाही झाली, असं मी म्हणत असे.

मग वजनं तपासायला नव्या निरीक्षकबाई आल्या. त्यांच्या आधीचे साहेब दरवर्षी चहा घेत, "काका, तुमची वजनं तपासणं म्हणजे सूर्याला बॅटरी दाखवणं," असं म्हणत आणि न तपासताच शिक्का मारत. ते निवृत्त झाले होते. बाईंनी चहा घेतला नाही. मखमलीच्या डबीतून त्यांनी आपलं एक किलोचं वजन काढलं आणि माझ्या उजव्या पारड्यात ठेवलं. डाव्यात काकांचं.

मित्रांनो, मी उजवीकडे झुकलो.

"वारा असेल," काटेकाका म्हणाले.

बाईंनी पंखा बंद केला. मी तसाच. त्यांनी डाव्या पारड्यात एकेक छोटं वजन टाकायला सुरुवात केली. अठरा ग्रॅमवर मी सरळ झालो.

"ही वजनं तुम्ही घासता का?"

"दर शनिवारी. बावीस वर्षं झाली. एक शनिवार चुकला नाही."

"कशाने?"

"विटेच्या भुकटीने. चकचकीत दिसायला हवीत ना."

बाईंनी वजन उलटंपालटं करून पाहिलं. त्यात त्यांचंही तोंड दिसलं असणार. "काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही वजनं घासून घासून खाल्लीत."

त्यांनी वजनं जप्त केली, कागदावर सही घेतली आणि नवी येईपर्यंत दुकान बंद ठेवायला सांगितलं. दोन दिवस काटेकाका बंद दुकानात येरझाऱ्या घालत राहिले. त्यांच्या पावलांनी फळी हले, फळीने मी हले. काकू दारात येऊन म्हणाल्या, "अहो, मुद्दाम केलंत का तुम्ही?"

"मुद्दाम नाही केलं म्हणून लोकांची डाळ भरून निघाली का?"

"मग आता काय, उपाशी राहून भरून काढणार आहात?"

आणि ते खरंच उपाशी राहिले.

तिसऱ्या दिवशी नवी वजनं आली आणि दुकान उघडलं. काटेकाकांनी येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगायला सुरुवात केली. "मी तुम्हाला वर्षानुवर्षं कमी दिलं. किलोमागे अठरा ग्रॅमपर्यंत." लोकांना हे ऐकायला वेळ नव्हता. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मला शंका होतीच." त्यांना ती कधीच नव्हती. पण बाकीचे म्हणाले, जाऊ द्या हो. काका म्हणाले, जादा न्या. ते म्हणाले, नको. काका चिडले. "अहो, घ्या म्हणतो ना!" एका बाईंनी तर पिशवी घट्ट धरून पळ काढला. माफी मागणारा माणूस इतका अंगावर येतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवारी चर्चचे पाळकसाहेब आले. शेजारी साबण घ्यायला सिस्टरबाई उभ्या होत्या. त्या इस्पितळात परिचारिका होत्या, आता घरी असत.

"उद्या ताटं दुसऱ्या कुणाला द्या, पाळकसाहेब," काटेकाका म्हणाले. "माझे हात त्या लायकीचे नाहीत."

"लायकीचे हात शोधत बसलो तर भाकर वेदीवरच वाळेल. मग मला तरी वेदीपुढे कसं उभं राहता येईल?"

"तुम्हाला कळत नाहीये. सगळे म्हणतात, माफ केलं. पण किती माफ केलं? कुणी कशाच्या बदल्यात? काही मोजमापच नाही त्याला!"

"तेच तर तुम्ही आमच्या मुलांना शिकवता," पाळकसाहेब म्हणाले. "माझ्या मुलीला चार गुण दिले होते तुम्ही."

काटेकाकांनी मान खाली घातली. तेव्हा सिस्टरबाई साबणाचा वास घेत सहज म्हणाल्या, "अठरा ग्रॅमांनी आम्ही वाळलो नाही हो. आणि धाकटा होता तेव्हा तर कमी जायचा प्रश्नच नव्हता. वर मूठ टाकायचा ना तो."

काटेकाकांनी मान वर केली. मग ते पोत्यापाशी गेले, मूठभर डाळ उचलली आणि माझ्या पारड्यात सोडली. दुसरीकडे नवी वजनं ठेवत गेले. दहा. वीस. आणखी वीस. मी झुलत होतो, आणि मनात म्हणत होतो, आता कुठेही थांबलो तरी या माणसाला ते जड जाणार आहे. पन्नासावर थांबलो.

"आणि त्याची मूठ माझ्यापेक्षा मोठी," काटेकाका म्हणाले.

जो माणूस इतकी वर्षं या दुकानाचं माप पुरं करत होता, त्यालाच त्यांनी चोर म्हणून घालवलं होतं. दोघांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. धाकटा नुसता देत होता, आणि काका नुसते घासत होते.

काटेकाका एप्रनसकट पायऱ्या उतरून गेले. दुकान भर दुपारी उघडं, गल्ल्यावर कुणी नाही. पाळकसाहेबांनी दोन गिऱ्हाइकांना मीठ दिलं, तेही चुकीच्या पोत्यातलं. मी हलत होतो. गेले असतील का तिथवर? की वाटेतूनच परत फिरतील? आणि त्याने तोंड फिरवलं तर? इतक्या वर्षांनंतर फिरवलं, तर त्याला तरी काय म्हणायचं?

अर्ध्या तासाने दोघे आले. काका पुढे, धाकटा मागे, कोपरापर्यंत पिठाने माखलेला. पाळकसाहेबांनी सिस्टरबाईंना डोळ्याने खुणावलं आणि दोघे निघाले, सिस्टरबाई नाइलाजाने.

"मी तिथे सांगितलं, माझं चुकलं," काटेकाका आतून आलेल्या काकूंना म्हणाले. "तर हा म्हणतो, दादा, आधी पाव काढू दे, करपतील."

"करपले असते," धाकटा म्हणाला.

"आता सांग मला. मी काय करू? तू म्हणशील ते. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर पाया पडतो."

"काही नको."

"काही नको कसं? काहीतरी असेलच ना!"

"दादा, मी ते केव्हाच सोडून दिलं. बेकरीत लागलो त्याच पावसाळ्यात. पीठ मळताना राग धरता येत नाही, हात दुखतात."

काटेकाका पोत्यावर बसले. "मग मला सांगितलं का नाहीस?"

धाकट्याने कोपराचं पीठ खरवडलं. "खरं सांगू? मला बरं वाटत होतं. दर रविवारी तू ताट घेऊन यायचास, आणि मी मनात म्हणायचो, मी याला माफ केलंय आणि याला पत्ताही नाही. माफ करून बसलं की माणूस जरा उंच होतो, दादा. स्वतःच्याच नजरेत. तेवढ्यासाठी तू मला माफ कर."

काटेकाकांचे ओठ हलले, सवयीने काहीतरी मोजायला निघाले असावेत. मग त्यांनी नुसती मान डोलावली. धाकट्यानेही डोलावली.

"झालं असेल तर ताटं आणू का?" काकू म्हणाल्या. "किती दिवस झाले, या घरात कुणी धड जेवलेलं नाही."

ताटं गल्ल्यावरच मांडली, माझ्या पुढ्यात. काटेकाकांनी डोळे मिटले. "प्रभू," ते म्हणाले, "हे जेवण... हा माझा..." ताटांतून वाफ निघत होती.

"आमेन," धाकटा म्हणाला.

"माझं अजून झालं नाही."

"झालं, दादा."

मित्रांनो, आता मी माळ्यावर असतो. माझी एक साखळी तुटली आहे. कधी मुलं मला खाली काढून एका पारड्यात गोट्या आणि दुसऱ्यात मांजराचं पिल्लू ठेवतात. मी कुरकुरतो, पण ते तेलाअभावी. मला तेल द्या, असं मागणं मी मागत नाही. दिलंत तर नाही म्हणणार नाही. माझं मागणं वेगळंच आहे. तुम्ही कुणाला मनातल्या मनात माफ करून ठेवलं असेल, तर ते तसंच ठेवून देऊ नका. आजच त्याच्याकडे जा आणि सांगा. काय बोलावं सुचलं नाही तर हरकत नाही, तिथे गेल्यावर कुणीतरी काहीतरी बोलतंच.

शक्यतो जेवायच्या वेळेला जा.